जन्मानं मिळालेलं काम

त्याग हा शब्द आपण जरा जपून वापरावा. तो बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगावर टाकण्यासाठीच घडवलेला असतो. गावानं आपल्या आज्या-पणज्यांच्या अंगावर म्हारकी टाकली तीही सेवा म्हणूनच. मेलेलं ढोर ओढणं सेवा. वेशीवर रात्र काढणं सेवा. सांगावा घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावाला पळणं सेवा. काम कोणी करायचं ते जन्मानं ठरलेलं, आणि जन्मानं ठरलेल्या कामाला मजुरी नसते, मुदत नसते, नकार तर नसतोच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात बदल करणारं बिल आणलं ते या मुळावर घाव घालायलाच. बिल पुढं गेलं नाही. ही हलकी वतनं कागदावरून उठली ती १९५८ च्या कायद्यानं.

मी ज्या घरात वाढले तिथं हे सगळं पाठ होतं. आजोबांनी धर्मांतराच्या लाटेत देव्हारा नदीत सोडला होता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, तिसरं काही नाही. आणि त्याच घरात एक वतन शिल्लक होतं. ते माझ्या नावावर होतं.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हे नाव आम्हाला कळलं तो अकरा वर्षांचा झाल्यावर. तोवर वस्ती त्याला पांगळा म्हणायची, आणि तोंडातून लाळ गळते म्हणून खुळाही म्हणायची. तो खुळा नाही. आमच्या बापाच्या मयतीला कोण आलं नाही याची यादी त्याच्याकडं आजही तोंडपाठ आहे, आणि तो ती त्या-त्या माणसाला ऐकवतो. वडील रेल्वेत खलाशी, आई दुसऱ्याच्या शेतात रोजानं. दोघं सकाळी गेली की भाऊ माझा. त्याला भरवणं, धुणं, कुशीवर वळवणं, ऊन आलं की सावलीत ओढणं. शाळेत त्याला कडेवर घेऊन जायची तर गुरुजी म्हणाले, याला घरी ठेव नाहीतर तू पण घरी बस. पुढची दोन वर्षं मी एक दिवस आड शाळेत गेले. हजेरीपटावर माझ्या नावापुढं गैरहजर लिहिलेलं असायचं, त्याचं कारण लिहायला त्यात रकाना नव्हता.

लोक काय म्हणायचे? पोरगी गुणाची आहे हो. गुणाची. मित्रांनो, हा शब्द ऐकला की मला अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. पाटील आजोबांना इमानी म्हणायचा तो शब्द आणि हा शब्द एकाच टाकसाळीतले आहेत. इमानी म्हटल्यावर आजोबा मजुरी मागू शकत नव्हते. गुणाची म्हटल्यावर मी खेळायला जाऊ शकत नव्हते.

आता प्रश्न सरळ मांडते. अपंग मुलाच्या पाठच्या-पुढच्या भावंडानं त्या मुलाचं देणं लागतं का? लागत असेल तर ते कुठून आलं? एका कुशीतून जन्मलो म्हणून आलं असं म्हणाल, तर जन्मानं कर्तव्य ठरतं हे तत्त्व तुम्ही मागच्या दारानं घरात घेतलं. आणि लागत नाही म्हणाल, तर माझ्या भावाला उद्या पाणी कोण पाजणार ते सांगा. या दोन दगडांमध्ये बोट अडकलेली लाखो पोरं या देशात आहेत. २०११ च्या जनगणनेनं देशात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं मोजली. सगळ्या लोकसंख्येत अपंगांचं प्रमाण शेकडा २.२१ आणि अनुसूचित जातींत शेकडा २.४५. हा फरक आभाळातून पडलेला नाही. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, दिवस पुरे होण्याआधीच बाळंत होणं, जन्मल्यावरची कडक कावीळ वेळेवर न उतरवणं, यातून माझ्या भावासारखी पोरं होतात. दवाखाना कुणापासून लांब असतो, आणि नवव्या महिन्यात वाकून खुरपं कोण चालवतं, ते तुम्हाला सांगायला नको. पण या मोजणीत भावंडं कुठंच नाहीत. त्यांना अपंगत्व नाही, म्हणून त्यांची नोंद नाही.

अमेरिकेत सिएटल शहरात डॉन मेयर नावाच्या माणसानं १९८२ साली या पोरांसाठी एक गोष्ट सुरू केली. नाव सिबशॉप. आठ ते तेरा वर्षांची मुलं, सगळ्यांच्या घरी कुणीतरी अपंग भाऊ नाहीतर बहीण. अर्ध्या दिवसासाठी ती जमतात. दंगा करतात, खेळतात, काहीतरी रांधून खातात, आणि मध्येच बोलतात. चालवणारे आधीच सांगून टाकतात की हा इलाज नाही, इथं कुणाला बरं करायचं नाही, कारण इथं कुणी आजारी नाही. त्यातला एक खेळ मला फार आवडला. आंट ब्लॅबी नावाची एक खोटी मावशी असते, वर्तमानपत्रात सल्ले देणारी. तिला आलेली पत्रं म्हणून मुलांना चिठ्ठ्या वाटतात. एखाद्या चिठ्ठीत समजा असं असतं, की माझा भाऊ बाजारात ओरडतो आणि सगळे आमच्याकडं बघतात, मी काय करू. उत्तर द्यायचं मुलांनीच. कारण या विषयातली जाणकार तीच. डॉक्टर नव्हे, बाई नव्हे, आईबाप तर नव्हेच. १९९० पासून मेयरनी याच कामाची वेगळी संघटना चालवली, १९९४ साली हे कसं चालवायचं त्याचं पुस्तक काढलं, आणि ही पद्धत पुढं अनेक देशांत गेली. ऑस्ट्रेलियात भावंडांची संघटना १९९९ पासून आहे, इंग्लंडात २००१ पासून. इंग्लंडात २०१४ च्या कायद्यानं घरातल्या आजारी-अपंग माणसाचं करणाऱ्या अठरा वर्षांखालच्या पोराला असा हक्क दिला की सरकारी माणसानं येऊन बघावं, या पोराला स्वतःला काय हवंय. मला कुणी असं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं याचा मी पुष्कळ विचार केला. बहुतेक शनिवार मागितला असता. नुसता शनिवार.

आमच्या एका शिबिरात मी हे सांगितलं तेव्हा एक कार्यकर्ता उठून म्हणाला, ताई, हे अमेरिकेचं फॅड आहे. मी त्याला म्हटलं, भाऊ, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी पँथर हे नाव घेतलं ते काय पंढरपूरहून आणलं होतं? ओकलंडच्या काळ्या पोरांचंच होतं ना ते? आपल्या दुखण्याला नाव देणारी गोष्ट जिथून मिळेल तिथून उचलावी. उचलताना मात्र हलवून बघावी. कारण फरक आहेच. तिथली मुलं मोटारीतून सोडायला येतात. आपली पोरगी घरातून अर्धा दिवस बाहेर पडायची तर त्या अर्ध्या दिवसात भावाजवळ बसायला दुसरं माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे रोज बुडवलेली आई. म्हणजे पोरीच्या अर्ध्या दिवसाची किंमत आईचा रोज. ही किंमत कुणी भरायची ते ठरवल्याशिवाय आपल्याकडं असा मेळावा म्हणजे ज्यांच्याकडं मोलकरीण आहे त्यांच्या पोरांची सहल.

तरी त्यातला गाभा मला आपलाच वाटतो. का ते सांगते. लहानपणी रात्री भाऊ झोपेत कण्हायचा तेव्हा माझ्या मनात यायचं, हा मेला तर बरं. सकाळी त्याला भरवताना हात कापायचे. असं दुसऱ्या कुणाच्या मनात येतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, जगात असा विचार करणारी अवलाद मी एकटीच. चळवळीनं आपल्या माणसांसाठी पहिल्यांदा काय केलं ते आठवा. भाकरी तर नंतरची. पहिल्यांदा तिनं एका गावच्या माणसाला दुसऱ्या गावच्या माणसाशेजारी बसवलं, आणि दोघांना कळलं की पाणवठ्यावरून हाकललं गेलेले आपण एकटे नाही. जी लाज होती तिचा प्रश्न झाला. आपली कविता, आपली आत्मकथनं यांनी दुसरं काय केलं? मग दहा वर्षांच्या पोरीला दुसऱ्या दहा वर्षांच्या पोरीशेजारी बसवून, तुला पण असं वाटतं का, एवढं विचारू देणं हे आपलं काम नाही असं कसं म्हणता?

आपल्या वस्तीत तर हे जास्तच निकडीचं आहे, कारण आपण देव सोडले पण भोग सोडला नाही. माझ्या भावाला बघून बौद्ध घरातल्या, पांढरं लुगडं नेसून विहारात येणाऱ्या बाया म्हणायच्या, मागल्या जन्मीचं काहीतरी असेल. बाबासाहेबांनी त्यांच्या अखेरच्या ग्रंथात मागच्या जन्माच्या पापानं हा जन्म ठरतो ही समजूत साफ नाकारली आहे, कारण त्याच समजुतीनं अस्पृश्यतेलाही न्याय ठरवलं होतं. पोर हे सगळं ऐकत असतं. भाऊ पापाचं फळ असेल तर मी कशाचं? मी धडधाकट आहे म्हणजे त्याच्या वाट्याचं मी घेतलं काय? पुढं ठिकाणं बघायला पाहुणे यायचे तेव्हा भावाला शेजारी नेऊन बसवायचं. आमच्या घराला एकच खोली, आतली खोली असती तर आत ठेवला असता. एका पाहुण्यानं त्याला जाताना रस्त्यात बघितलं आणि निरोप धाडला, घरात असलं आहे ते आधी का नाही सांगितलं? जातीत घेणारे आम्ही, आमच्यातच पुन्हा एक पंगत बाहेर बसवलेली.

शब्दावरही थोडं बोलते, विषयाला सोडून आहे पण राहवत नाही. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवरून दिव्यांग हा शब्द दिला आणि तो सरकारी पाट्यांवर चढला. आपल्याला कुणी हरिजन म्हटलं तेव्हा आपण काय म्हणालो होतो? देवाची माणसं आम्ही, तर मग तुम्ही कुणाची? दिव्य म्हटल्यानं जिन्याला उतार येत नाही. माझ्या भावाला विचारलं तर तो म्हणतो, मला माझ्या नावानं हाक मारा.

आता दुसरा आक्षेप, आणि हा फॅड म्हणणाऱ्यापेक्षा वजनदार आहे. भावंडांना असं बोलतं केलं की शेवटी सगळी कुरकुर अपंग मुलावर येऊन पडते. तो ओझं, तो अडचण, त्याच्यामुळं आमचं बालपण गेलं. सवर्ण पंडितांनी दलितांचा प्रश्न म्हणून आपल्यावर ग्रंथ लिहिले, जणू प्रश्न आपणच होतो आणि ते उत्तर. तसंच हे होणार नाही काय? होऊ शकतं. मी असे मेळावे शहरात बघितलेत जिथं आईबाप मंचावर रडतात आणि ज्याच्याविषयी रडतात तो पोरगा पहिल्या रांगेत बसून सगळं ऐकत असतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की राग येऊ द्यावा, पण राग कुणावर हे पोरांनाच शोधू द्यावं. मला भावाचा राग होता. फार उशिरा ध्यानात आलं की भावानं माझी शाळा बुडवली नव्हती. त्या शाळेला दोन पायऱ्या होत्या आणि एक गुरुजी होते. गाव असं होतं की पांगळ्या पोराची व्यवस्था म्हणजे त्याची बहीण. हा शोध मला एकटीला लागायला तीस वर्षं गेली. चार पोरींनी मिळून तो चार रविवारांत लावला असता.

कायद्याकडं बघू. २०१६ सालात दोन कायदे झाले. डिसेंबरात अपंगांच्या हक्कांचा कायदा आला. त्यात सात प्रकारांचे एकवीस प्रकार झाले, आणि सांभाळ करणारा म्हणजे कोण याची व्याख्याही आली. आईबाप, घरातलं कुणीही, पैसे घेऊन किंवा न घेता. फार आधाराची गरज असलेल्यांसाठी सांभाळ करणाराचा भत्ताही लिहिलाय, पण सरकारच्या ऐपतीप्रमाणं. ऐपत कधी येते ते आपण जाणतोच. त्याच वर्षी जुलैत बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या पोराला कामाला लावायला बंदी, मात्र शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या कामात, घरच्या धंद्यात मदत चालेल. घरचा धंदा म्हणजे आपल्या देशात बहुतेक वेळा जात. यावर आपल्या लोकांनी तेव्हा बोंब मारली ती योग्यच होती. पण त्या बोंबेत बारा वर्षांची, भावाचं हगमूत काढणारी पोरगी नव्हती, कारण ते कामच नव्हे. ती माया. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा भावंडाला ओळखतो, पण कधी? अपंग माणूस अठराचा झाला आणि त्याला पालक नेमायचा म्हटल्यावर. कलेक्टरच्या समितीपुढं नातेवाइकानं अर्ज करायचा. म्हणजे पोरपणी जिला कुणी विचारलं नाही, तिला म्हातारपणी सही करायला बोलावणार.

आणि सही बहुतेक वेळा भाऊ करतो. त्या भावाचं कौतुक होतं, आणि घरात उष्टं पुसते ती वहिनी. तिचा तर जन्माशीही संबंध नाही. ती नुसती लग्न करून आली. जन्मानं ठरलेलं कर्तव्य पुरुषाला जड झालं की ते असं लग्नानं पुढं सरकवता येतं. बहिणीनं केलं तर ती गुणाची, भावानं केलं तर तो देवमाणूस, वहिनीनं नाही केलं तर ती अवदसा. भावांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांनी आज घरी गेल्यावर एवढंच बघावं, की संध्याकाळच्या सभेला मी आलो तेव्हा त्याच्याजवळ कोण होतं.

बंधुता या शब्दात बंधू आहे. १९५४ साली रेडिओवरून बोलताना बाबासाहेबांनी सांगितलं होतं की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे त्यांनी फ्रान्सच्या क्रांतीतून उचललेलं नाही, ते बुद्धाकडून घेतलंय, आणि त्यात बंधुतेची जागा सगळ्यात वरची. संविधान सभेत १९४९ साली त्यांनी बजावलं होतं की ही तीन वेगळी करता येत नाहीत. आपण ते देशाविषयी वाचतो. मी ते चुलीपाशी वाचलं. जिथं बहिणीला नाही म्हणायचं स्वातंत्र्य नाही, आणि भावाला बहिणीइतकं माणूस म्हणून मोजलं जात नाही, तिथं त्या दोघांत जे आहे ते बंधुता नव्हे. ती दोघांची मिळून वेठ आहे. माझं भावावर प्रेम आहे की नाही हे मला कळलं कधी? नोकरी लागून मी दुसऱ्या गावी गेले, त्याचं करणं सहा महिने सुटलं, आणि मला त्याच्या शिव्यांची आठवण यायला लागली तेव्हा. नाही म्हणता यायला लागल्यावर मी हो म्हटलं. आता तो माझ्याकडं राहतो, आणि भाड्यातला त्याचा वाटा त्याच्या पेन्शनीतून घेते, कारण त्यानंच तसं ठरवलंय.

म्हणून मी असं मानते, की देणं लागतं, पण ते भावंडाचं एकट्याचं नाही. वस्तीचं लागतं, सरकारचं लागतं, संघटनेचं लागतं. सगळ्यांनी आपापला वाटा उचलला की भावंडाच्या वाट्याला जे उरेल तेवढंच भावंडाचं. आज सगळ्यांनी हात वर केलेत म्हणून ते पोरीच्या डोक्यावर आहे, आणि तिला सांगितलं जातं की हे तुझ्या रक्तात आहे.

बाबासाहेबांच्या घराकडंही एकदा या नजरेनं बघा. आई गेली तेव्हा भीमराव लहान. पोरांना वाढवलं ते रामजींच्या बहिणीनं, मीराबाईंनी. मीराबाईंच्या पाठीला कुबड होतं. नवऱ्याच्या घरी न नांदता भावाच्या घरी राहिलेली ही अपंग बाई. आपण ज्यांना ओझं म्हणतो तसल्या एका बाईनं ते घर ओढलं. आणि पुढं मुंबईत दोन्ही पोरांना हायस्कुलात शिकवणं रामजींना झेपेना तेव्हा थोरल्या आनंदरावांनी नोकरी धरली आणि धाकटा शाळेत गेला. आपण जयंतीला कुणाचे फोटो लावतो? मी आनंदरावांना त्यागमूर्ती म्हणणार नाही, तो शब्द मी वर टाकून दिलाय. पण त्यांना विचारलं होतं का कुणी, हा प्रश्न मला पडतो. आणि मीराबाईंना?

आधी जातिअंत मग बाकीचं, असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी दुसरं काही सांगत नाही. तुमच्या अभ्यासवर्गाला मुली का येत नाहीत याचा हिशेब करा, त्यातल्या किती जणी कुणाला तरी सांभाळत घरी बसल्यात ते मोजा, मग बोलू.

आम्ही आमच्या वस्तीत मोजलं. दोनशेच्या आसपास घरं, त्यात नऊ घरी असं लेकरू. विहार रविवारी सकाळी वंदना झाल्यावर रिकामाच असतो. तिथं महिन्यातून दोनदा या घरांतली भावंडं जमवायची असं ठरलं. अपंग पोरांजवळ त्या तीन तासांत कोण बसणार यासाठी मंडळाच्या तरुणांची पाळी लावली, आईचा रोज बुडता कामा नये म्हणून. पाळीचा कागद विहाराच्या दारावर लावलाय, नावासकट, म्हणजे कोण आला नाही ते सगळ्यांना दिसावं. एक पोरगा पहिल्याच पाळीला म्हणाला, मला लघवीला नेता येत नाही, लाज वाटते. त्याला माझ्या भावानं शिकवलं, दोन शिव्या घालून. खर्च म्हणाल तर चहा, पोहे आणि कॅरमची पावडर.

पहिल्या रविवारी सात पोरं आली. खोट्या मावशीची पत्रं मी मराठीत लिहून नेली होती, मावशीचं नाव पोरांनीच पाडलं, चोंबडी आत्या. पहिल्याच पत्रावर भांडण लागलं. पत्र असं होतं, की मला शाळेच्या सहलीला जायचंय पण बहीण माझ्याशिवाय जेवत नाही. एक म्हणाली जायचं, एक दिवस उपाशी राहिली तर मरत नाही. दुसरा म्हणाला मी नाही गेलो, मला नव्हतंच जायचं. त्याच्या शेजारची म्हणाली खोटं बोलतो, तू रडला होतास. मग तोही हसला. शेवटी आठ वर्षांच्या एकीनं विचारलं, की पुढच्या वेळी आपल्या भावंडांनाही इथं आणायचं का. तीन जण हो म्हणाले, चार जण नाही म्हणाले, ही एक जागा तरी आमचीच राहू दे. माझा भाऊ दारात खुर्चीवर बसला होता. तो म्हणाला, मला विचाराल की नाही? त्यावर पोरांची चर्चा अजून चालू आहे.